एव्हरेट ड्रमची सही

१२ सप्टेंबर १९५५, सोमवार

स्पेनची बोट काल दुपारीच सुटली. मी पोचलो आज सकाळी. वाटेत सँ-नाझेरला एक म्हातारा पत्र्याच्या डब्यांपासून बनवलेली पेटी वाजवत होता, ऐकत बसलो — झालं! पुढची बोट दहा दिवसांनी.

तोवर क्रोआझिक. बंदर, तारलीचा वास, मिठागरं, वारा. तंबाखूवाल्याला विचारलं, काही काम मिळेल का. त्यानं चढावाकडे मान हलवली. वरच्या दगडी घरातल्या अनुवादाच्या बाईंना खिडक्यांची झडपं रंगवून हवीत म्हणे. बाई सोन्यासारख्या, मोलकरीण जरा तिखट आहे.

तिखट खरी. युफ्राझी नाव, साठीची असेल. दार उघडून आधी माझे बूट पाहिले, मग मला.

"रंगवता येतं?"

म्हटलं, दोन वर्षं जहाजावर होतो.

"डेकवर?"

"भटारखान्यात."

"मग रंग ढवळताना चव बघू नकोस म्हणजे मिळवली."

चौदा खिडक्या, अठ्ठावीस झडपं. रंग निळा. झोपायला माळा, जेवायला युफ्राझीच्या हातचं. काळ्या गव्हाचं धिरडं, त्यात अंडं, वर खारं लोणी. तीन खाल्ली. चौथं मागणार होतो पण ती माझ्या हाताकडेच बघत होती.

१४ सप्टेंबर

स्वयंपाकघराचं झडप खरवडत होतो. आत युफ्राझी इस्त्री करत होती — चुलीवर दोन लोखंडी इस्त्र्या, एक तापतेय, एक चालतेय. बाई स्टुलावर बसून टाइप केलेले कागद मोठ्यानं वाचत होत्या. बाईंचं नाव ऑनोरीन ब्रेआं. बारीक, ताठ, चष्मा दोरीला बांधलेला. मला वाटलं, कुणाचं पत्र असेल. तर पत्रात एका माणसानं दुसऱ्याचा गळा आवळला! युफ्राझीची इस्त्री चालूच. बाईंनी पेन्सिलीनं पानावर काट मारली. मग कोणीतरी भिंतीतल्या कपाटाजवळ गेलं, कपाटाला आतून कडी — आणि इस्त्री थांबली. बाईंनी बरोबरची खूण केली. पुढे वाचन.

खरवडायचं सोडून मीही ऐकत राहिलो. कपाटात काय होतं ते कळायच्या आत दूध उतू गेलं.

१५ सप्टेंबर

पाऊस. रंग बंद. दिवाणखान्यात पुस्तकांचं कपाट — एका रांगेत एकतीस पुस्तकं, सगळी एव्हरेट ड्रम या अमेरिकन लेखकाची. काळं वेष्टण, पिवळी अक्षरं. आत बारीक टाइपात : ‘अमेरिकन इंग्रजीवरून अनुवाद — श्रीमती ऑ. ब्रेआं.’ एक काढून जमिनीवर पालथा पडलो.

गोष्ट शिकागोची. मारेकरी खून करून पहाटे घरी येतो. दारवाली म्हातारी अंथरुणातूनच दोरी ओढून फाटक उघडते. तो वर जातो, खिडकीची झडपं लावून घेतो, कांद्याच्या पातीचं सूप पितो, पावानं ताटली पुसतो. सगळी आमच्या फ्रान्सची रीत, आणि शिकागोत! मी इतका हसलो की बाई दारात येऊन उभ्या कधी राहिल्या कळलंच नाही.

काय हसण्यासारखं आहे, त्यांनी विचारलं. रागावून नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं.

सांगितलं. पाय मोडला तेव्हा जहाज मला बॉल्टिमोरला टाकून गेलं होतं, तीन महिने एका लाकडी घरात भाड्यानं पडून होतो. तिथं लावायची झडपं कुणाच्या खिडकीला नाहीत. असली तरी शोभेची, खिळे मारून बसवलेली. दारवाली तर नाहीच. ज्याची किल्ली त्याचं दार.

बाई खाली बसल्या. "मग रात्री कोण आलं, कोण गेलं, हे कुणाला माहीत असतं?"

"कुणालाच नाही."

"म्हणजे साक्षीदारच नाही," त्या म्हणाल्या. "एकतीस पुस्तकांत माझी साक्षीदार दारवाली आहे." 

माझी म्हणाल्या. मी पुस्तकाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. मागून युफ्राझीचा आवाज :

"घ्या! नऊ वर्षं गावाला पत्ता नाही, अन् रंगाऱ्याला चौथ्या दिवशी."

१९ सप्टेंबर

रंग सुरू आहे. सहा झडपं झाली. आठ असती पण समोरच्या गच्चीवर एक माणूस समुद्रपक्ष्याला शिट्टीवर बोलवायला शिकवतोय. पक्षी शिकत नाही. माणूस शिकला — पक्ष्यासारखा ओरडतो.

बाईंची हकीकत तुकड्यातुकड्यानं कळली. विसाव्या वर्षी पहिली कादंबरी लिहून पॅरिसला नेली. पडका किल्ला, मुकी नन, विहिरीत दिवा. प्रकाशकाला आवडली. नाव नाही आवडलं. ‘ब्रेआं! लोण्याच्या दुकानाची पाटी वाटते. याला कोण घाबरेल? आणि बाईला तर नाहीच.’ मग ती ‘काउंट द मालव्हाल’ या नावानं निघाली. काउंटनं अडतीस पुस्तकं लिहिली. लढाईनंतर किल्ले खपेनात, लोकांना अमेरिका हवी झाली. नवे प्रकाशक, मस्यू वात्रलो, म्हणाले — फ्रेंच माणसानं लिहिलेला अमेरिकन खून कोणी विकत घेत नाही, अनुवाद मात्र घेतात. म्हणून एव्हरेट ड्रम. अमेरिकेत असा कोणी नाही. करारही बाईंशी अनुवादिकेचाच. गंमत म्हणजे त्या तळटिपाही देतात — ‘मूळ इंग्रजीतली खुमारी इथे आणणे अशक्य.’ मूळच नाही!

काउंटची अडतीस, ड्रमची एकतीस आणि हातातलं बत्तिसावं. आता वय एकसष्ट. पायरीवर बसून वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या :

"एक पुस्तक माझ्या नावानं निघावं. एकच. मग खुशाल मरेन."

युफ्राझी म्हणाली, मरायचं असेल तर आधी वाटाणे पुरे करा.

मला त्यांनी नवं काम दिलंय. झडपं झाली की मी ‘अमेरिका’. लिहून झालेलं प्रत्येक पान मी वाचायचं आणि काय चुकलं ते सांगायचं. मी! ज्याची शाळा तेराव्या वर्षी सुटली!

२२ सप्टेंबर

स्पेनची बोट गेली. बघायला गेलो होतो. छान दिसत होती.

२७ सप्टेंबर

पॅरिसहून चित्र आलं. यांच्या धंद्यात वेष्टणाचं चित्र आधी तयार होतं, गोष्ट मागून येते. चित्रकार रंगवतो, आणि लेखकानं तो प्रसंग कुठंतरी बसवायचा. या वेळी : पिवळ्या रेनकोटातली बाई, लोखंडी जिना, वर उजेडाची खिडकी, शिकागो. आणि खिडकीला — दोन्ही बाजूंना झडपं! अर्धवट उघडी! आमच्या या घराच्या खिडकीसारखी हुबेहूब.

मी बोट ठेवलं. बाईंनी चष्मा लावून पाहिलं. "चित्रकार बिचारा तरी अमेरिकेला कुठं गेलाय," म्हणाल्या. "त्यानं खिडकी काढली. खिडकी म्हटली की झडपं आलीच."

पण मी हट्ट धरला. आता वाटतं, जरा चढून गेलो होतो. जन्मात पहिल्यांदा मला काही ठाऊक होतं जे दुसऱ्याला नव्हतं. झडपं काढा, दारवाली काढा, सूप काढा. बाईंनी सगळं काढलं.

१ ऑक्टोबर, शनिवार

बत्तिसाव्या पुस्तकाचं वाचन. टेबलावर चादरींची चळत. सात प्रकरणं झाली, दोन खून झाले, चादरी संपल्या, रुमाल संपले. इस्त्री एकदाही थांबली नाही.

शेवटी बाईंनी विचारलं, काय बिघडलं. युफ्राझी इस्त्री चुलीवर ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली. "ज्या घराला झडपं नाहीत तिथं माणूस मारायला जायचं कशाला? रस्त्यावरून सगळ्यांना दिसतंय. आणि ती दारवाली गेली कुठं? मेली का? ती झोपेतनं दोरी ओढायची तेव्हा माझ्या पोटात गोळा यायचा."

मी म्हटलं, पण तिकडं खरंच असं असतं.

"असेल. मला कुठं तिकडं जायचंय?"

बाईंनी तरीही तसंच पाठवून दिलं. माझा मान राखला, असं वाटतंय.

८ ऑक्टोबर

पुस्तक परत! वात्रलोंचं पत्र बाईंनी जेवताना वाचून दाखवलं. ‘मादाम, ही अमेरिका खोटी वाटते. ड्रमचे वाचक असल्या अमेरिकेला ओळखत नाहीत. शिवाय वेष्टणावर झडपं छापून झाली आहेत, तुमच्या मजकुरात ती कुठं आहेत?’

मी अर्धं धिरडं तसंच ठेवलं. युफ्राझीनं माझ्या ताटलीत आणखी एक टाकलं. म्हणजे ती खूश होती.

बाई दुपारभर टाइपरायटरवर बसल्या. दारवाली परत आली, सूप आलं, खिडक्यांना झडपं लागली. मी खाली खऱ्या झडपांना दुसरा हात देत होतो, त्या वर खोट्यांना. संध्याकाळी पाकीट बांधलं आणि मला म्हणाल्या, तुझं बरोबर होतं बाझिल. पण मी आयुष्यभर हेच घर शिकागोत नेऊन ठेवत आले. आता इथलंच इथं लिहून बघते.

१० ऑक्टोबर

सुरुवात केली. नाव ‘पांढरा चिखल’. पहिल्या पानावर स्वतःचं नाव टाइप केलं. मग कितीतरी वेळ नुसत्या बघत होत्या त्याकडे. मी तेलाचा डबा शोधायला गेलो होतो, विसरलोच.

२० ऑक्टोबर

बाईंच्या वडिलांचं मिठाचं कोठार होतं. आता तिथं होड्यांची शिडं ठेवतात. बाई मला घेऊन गेल्या. भिंती अजून खाऱ्या — चाटून पाहिल्या. बाईंनीही पाहिल्या! मिठागरांतून परत येताना एकजण फावड्यानं चिखल ओढत होता, त्याच्याशी गप्पा मारत तासभर थांबलो. त्याचं म्हणणं, चांगल्या मिठाला जांभळ्या फुलांचा वास येतो. मला मिठाचाच आला.

तंबाखूवाल्याकडे थांबलो. त्याच्या काचेत ड्रमची पुस्तकं टांगलेली. त्यानं बाईंना नमस्कार केला, म्हणाला, नवं कधी येतंय? "काय लिहितो हो तो अमेरिकन! डोकं आहे डोकं. तुमचं बरं आहे मादाम, तुम्हाला नुसतं उतरवून काढायचं."

बाई म्हणाल्या, हो, माझं सोपं आहे. काड्यापेटी घेतली. चढावर एकदाही थांबल्या नाहीत, एरवी दोनदा थांबतात.

२१ ऑक्टोबर

पक्षी शिट्टीवर आला! आज सकाळी. मी एकट्यानं पाहिलं, तो माणूस घरात होता.

४ नोव्हेंबर

‘पांढरा चिखल’चं पहिलं वाचन. गोष्ट अशी : मिठाच्या व्यापाऱ्याची विधवा. दर वर्षी कोठारातलं मीठ विकते, ढीग उतरतो, पण ईशान्येच्या कोपऱ्यातलं मीठ काही विकत नाही. सहा वर्षं. एक दिवस मोलकरणीला सूपासाठी मीठ कमी पडतं. ती वाटी घेऊन कोठारात जाते. तिला तो कोपराच जवळ पडतो.

इथं बाईंनी पान उलटलं. मला जळका वास आला. युफ्राझीकडे पाहिलं — हात इस्त्रीवर, डोळे बाईंवर, आणि इस्त्रीखाली टेबलावरचा चांगला कापडी रुमाल. तिघंही एकदम ओरडलो. रुमालावर होडीच्या आकाराचा तपकिरी डाग.

"माझा नव्हता, तुमच्या लग्नातला होता," युफ्राझी म्हणाली. "वाचा पुढे."

तेवीस वर्षांच्या वाचनात एकदाही काही जळलं नव्हतं म्हणे. बाईंनी तो रुमाल धुऊ दिला नाही, घडी करून टाइपरायटरखाली ठेवलाय.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

लढाईतल्या मेलेल्यांचा दिवस. बँड, फुलं, भाषण. मी ढोलवाल्यामागून बंदरापर्यंत गेलो. परत आलो तर दारात पॅरिसची मोटार. मस्यू वात्रलो जेवायला! गोल, गुळगुळीत, हात सारखे चोळणारे. तीन डझन कालवं एकट्यानं खाल्ली. ‘पांढरा चिखल’ची झालेली प्रकरणं बाईंनी आधीच पाठवली होती.

ते म्हणाले, प्रकरणं उत्तम आहेत, पण बाईंच्या नावाला विचारतो कोण. मग म्हणाले, पॅरिसच्या एका मोठ्या दुकानाला ड्रम हवाय, सह्या करायला, नाताळच्या आधी. ड्रम कुठून आणू? हे म्हणताना त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी कालवांच्या रिकाम्या शिंपल्यांची माळ करत होतो.

"हाच तो, अमेरिकेत राहिलेला? चालून दाखव रे. आता काही इंग्रजी बोल."

मला भटारखान्याचंच इंग्रजी येतं. बोललो. वात्रलोंनी टाळी वाजवली.

सौदा असा ठरला : २६ तारखेला मी ड्रम, बाई माझ्या दुभाषी. तो दिवस नीट पार पडला तर ‘पांढरा चिखल’ बाईंच्या नावानं निघेल. वात्रलोंनी छातीवर हात ठेवून सांगितलं. छातीवर रुमाल होता, कालवांचं पाणी पडलेला.

युफ्राझी मागाहून म्हणाली, छातीवर ठेवला, कागदावर नाही ठेवला.

१९ नोव्हेंबर

पुस्तक पुरं! शेवटच्या प्रकरणात युफ्राझीनं खाली ठेवलेली इस्त्री पुन्हा उचललीच नाही, थंड पडली. मी उद्या निघून जायला मोकळा आहे खरं तर. नांतला एक सर्कस आलीय. पण २६ तारीख.

२७ नोव्हेंबर, रविवार

कालचं सगळं लिहायचंय. गाडीत लिहायला जमलं नाही, म्हणून आत्ता.

दुकान म्हणजे गावच! सात मजले. वात्रलोंनी मला मागच्या खोलीत हॅट आणि रेनकोट चढवला, तोंडात चघळायचा गोंद दिला. समोर दोनशे पुस्तकांचा ढीग. सही कशी करायची तेही ठरवलं — ड्रमच्या शेवटच्या अक्षराला लांब वाटोळी शेपूट. मी सह्या करतोय आणि खिडकीतून समोर दिसतंय ते असं की काय सांगू : नाताळच्या देखाव्यासाठी माणसं एक चावीचं अस्वल बसवत होती. चावी दिली की अस्वल ताशा बडवायचं आणि त्याची टोपी उडायची. एक माणूस फक्त टोपी परत घालायला. माझा हात चालू, डोळे अस्वलावर. मध्येच वात्रलोंनी एक कागद सरकवला, ‘दुकानाला द्यावा लागतो’ म्हणाले. केली सही. शेपटीसकट.

मग बाहेर. माणसांची रांग जिन्यापर्यंत. बाई माझ्या शेजारी खुर्चीवर, काळा पोशाख, मांडीवर पिशवी. पिशवीत ‘पांढरा चिखल’. पहिला प्रश्न एका बाजारहाट करून आलेल्या बाईचा — मस्यू ड्रम, माणसाला इतकं घाबरवायला कुठं शिकलात?

मी इंग्रजीत म्हणालो : "बटाटे दोन पोती, कांदे सोलून ठेवा, सूप गरम आहे, सांभाळून."

बाईंनी ऐकून घेतलं. मान हलवली. मग लोकांकडे वळून बोलायला लागल्या. मस्यू ड्रम सांगतात, ते नऊ वर्षांचे असताना चुलत भावांनी त्यांना दुपारी मिठाच्या कोठारात कोंडलं. अंधाराची भीती नाही वाटली. पण थोड्या वेळानं मिठाचा आवाज यायला लागला. ढीग खाली बसताना आवाज करतो, टिक, टिक, कुणी बोटानं ठोकल्यासारखा. दार उघडलं तेव्हा भाऊ हसत होते, आणि मूल म्हणालं, थांबा, अजून ऐकू द्या. घाबरवायला किंकाळी लागत नाही, मस्यू ड्रम म्हणतात. एक बारीक आवाज पुरतो, फक्त तो थांबता कामा नये.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी गोंद चघळत होतो. मला तो आवाज ऐकू येत होता.

दुसरा प्रश्न, तिसरा. मी कांदे, कॉफी, कॅप्टनला मिरी चालत नाही. बाई आपली चाळीस वर्षं सांगत होत्या. पहिलं हस्तलिखित छातीशी धरून पॅरिसला येणारी पोर. नावावरून हसणारा प्रकाशक. किल्ल्यात कधी न राहता किल्ले बांधणं. प्रत्येक वाक्याआधी ‘मस्यू ड्रम म्हणतात’. त्यांच्या गालावर रंग चढला होता. इतक्या लोकांसमोर त्या स्वतःबद्दल कधी बोलल्याच नसतील.

रांगेत एक चष्मेवाला माणूस मिश्या दाबून हसत होता. पुढं आला. मला इंग्रजीत विचारलं : "आणि कॅप्टनला अंडी कशी आवडतात?"

मी गोंदच गिळला.

बाईंना इंग्रजी कळत नाही. पण त्या गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, प्रश्न फार चांगला आहे, मस्यू ड्रम यावर विचार करतील. त्या माणसानं पुस्तक माझ्यासमोर ठेवलंच नाही, बाईंसमोर ठेवलं. "सही तुमची हवी, मादाम. फक्त तुमची."

बाईंनी पेन घेतलं. मग लिहिलं : ऑनोरीन ब्रेआं. सत्तर पुस्तकांत पहिल्यांदा. तो माणूस एका सायंदैनिकात पुस्तकांबद्दल लिहितो. जाताना माझ्या रेनकोटाच्या खिशात त्यानं आपलं कार्ड सरकवलं. मी नंतर पाहिलं.

वात्रलो खूश. ‘पांढरा चिखल’ची पिशवी त्यांनी स्वतः बाईंच्या हातातून घेतली.

गाडीत बाई खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मी रेनकोट द्यायचाच विसरलो, अंगावरच राहिला.

३० नोव्हेंबर

वात्रलोंचं जाड पाकीट. आत मी सही केलेल्या कागदाची नक्कल.

बाईंनी वाचून माझ्याकडे सरकवली. ‘मी, एव्हरेट ड्रम या नावाने लिहिणारा, जाहीर करतो की ‘पांढरा चिखल’ व यापुढील सर्व लेखन माझे असून ते छापण्याचा हक्क...’ खाली माझी सही. लांब शेपूट. आणि पत्र : ड्रम लोकांना फारच आवडला. सोमवारी, ५ तारखेला, त्याला लीलला पाठवावा, पुढे ब्रुसेल्स, मग लिओं. दुभाषी आम्ही देऊ, मादामनी त्रास घेऊ नये. ‘पांढरा चिखल’ फेब्रुवारीत ड्रमची पहिली फ्रेंच पार्श्वभूमीची कादंबरी म्हणून येईल. अनुवादिका म्हणून मादामचं नाव अर्थातच आत असेल.

मी अस्वलाबद्दल सांगायला लागलो. टोपी, ताशा. मला माझंच ऐकवेना.

"तू मूर्ख आहेस, लबाड नाहीस," बाई म्हणाल्या. "पुस्तकात तुझ्यासारख्याला मी दुसऱ्या प्रकरणात मारते."

आवाज नेहमीचाच. आपल्याजवळ कागद आहेत ते सगळे अनुवादाचे, असं म्हणाल्या. नऊ वर्षं ड्रमची खुर्ची रिकामी होती, कुणीतरी कधीतरी बसणारच होतं. मग टाइपरायटरवर कापड घातलं. खालचा डागाचा रुमाल काढून युफ्राझीच्या कपाटात ठेवून आल्या.

१ डिसेंबर

टाइपरायटर बंद. घर किती शांत असतं ते आज कळलं.

३ डिसेंबर, शनिवार

लीलचं तिकीट आलं. खोटं कशाला लिहू — लिओं मी पाहिलेलं नाही. ब्रुसेल्सही नाही. हॉटेलात राहायचं, गाडीत बसायचं, काही न करता हॅट घालून फिरायचं. माझ्यासाठीच बेतलेला धंदा! मी नाही गेलो तर ते दुसऱ्या कुणाला हॅट घालतील, बाईंचं पुस्तक काही परत येणार नाही. असं दिवसभर स्वतःला सांगतोय.

युफ्राझी माझ्या प्रवासाच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. मी विचारलं, रागावलीस का?

"मी कोण रागावणार? तू मोठा लेखक." कॉलरवर इस्त्री दाबली. "दोन महिने बसून ऐकतोस. तुझं एकदा वाचून दाखव की काहीतरी, ड्रमसाहेब."

इस्त्री चालूच होती.

४ डिसेंबर

बॅग दाराशी. रेनकोटाच्या खिशात हात गेला, त्या चष्मेवाल्याचं कार्ड अजून तिथंच.

५ डिसेंबर, सोमवार

लीलची गाडी गेली. सकाळी बाईंच्या टेबलावर बसून पत्र लिहिलं, त्या कार्डावरच्या पत्त्यावर :

‘मी, एव्हरेट ड्रम, जाहीर करतो की माझ्या नावावरच्या एकतीस पुस्तकांतली एक ओळही मी लिहिलेली नाही. येणाऱ्या बत्तिसाव्यातलीही नाही आणि ‘पांढरा चिखल’मधलीही नाही. मला फक्त कांद्याबटाट्यांचं इंग्रजी येतं, ते आपण ऐकलंच आहे. ही सगळी पुस्तकं ऑनोरीन ब्रेआं यांची आहेत. मूळ कुठं नव्हतंच, ते त्याच होत्या. यापुढे मी काही लिहिणार नाही.’

खाली सही केली. लांब वाटोळी शेपूट, वात्रलोंच्या कपाटातल्या कागदावर आहे तीच. ती खोटी म्हणायची सोय त्यांना ठेवलेली नाही.

पाकीट चिकटवायच्या आधी स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्यानं वाचलं. बाई वाटाणे सोलत होत्या. युफ्राझी उशांचे अभ्रे करत होती.

इस्त्री थांबली.